अकरा बेलच्यांचा पूल

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एका पुलाचं चित्र आहे. तीन फूट बाय दोन फूट, ऑइल कलर, चांगली जाड फ्रेम. ते मी काढलंय, आणि एक आकडा सोडला तर त्यातली एकही गोष्ट खरी नाही. हे कळायला मला अठरा वर्षं लागली.

मी शाळेत चित्रकला शिकवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला समोर बसवून तो पूल सांगितला. सासऱ्यांचं नाव रामकिसन, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणते. ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. करमाडच्या पुढचा मीटरगेजचा पूल, काळ्या दगडाच्या नऊ कमानी, दोन्ही टोकांना बुरूज, बुरुजांवर तोंड उघडलेले सिंह. गाडी जवळ आली की सिंहांच्या तोंडातून वारा घुमायचा म्हणे. नवी सून, सासऱ्यांवर छाप पाडायची होती, मी महिनाभर खपून चित्र काढलं. जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘प्रत्यक्ष निरीक्षणाचा उत्तम नमुना.’

तेव्हापासून पाहुणा आला आणि त्यानं चहाचा कप खाली ठेवला की मामांची काठी वर गेलीच म्हणून समजा. ही पहिली कमान, हा बुरूज, हा सिंह. माझा नवरा सुदर्शन वाळूजला कंपनीत आहे. काठी वर गेली की त्याला हटकून शिफ्टची आठवण व्हायची. मी मात्र ऐकत बसायचे, कारण मामा त्या वेळी फार छान दिसायचे. एरवी हा माणूस भाजीवाल्याशीसुद्धा दबून बोलतो.

खरा पूल आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. लाइन मीटरगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हा नवे रूळ दुसरीकडून गेले आणि जुना पूल बाभळींच्या रानात तसाच पडला. साप आणि पत्ते कुटणारे सोडले तर तिकडं कोणी फिरकत नव्हतं. गेल्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात चांगली कल्पना आली. बाभळी तोडल्या, पुलावर फळ्या टाकल्या, कठडे बसवले आणि डिसेंबरात तो लोकांना पायी फिरायला खुला केला.

त्याच आठवड्यात आमचा पेपर यायचा बंद झाला. मामा म्हणाले, पोरगं टाकत नाही. पोरग्याला विचारलं तर तो शपथा घ्यायला लागला. चार दिवसांनी गादी झटकताना मामांच्या उशाखाली चारही पेपर सापडले, घडीसुद्धा न मोडलेले. मला वाटलं, म्हातारपण आहे, वस्तू लपवायची सवय लागली असेल.

पण पूल काही पेपरातच राहिला नाही. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या दोघी-तिघी तिथं जाऊन आल्या. सासूबाई म्हणजे द्वारकाबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माहेर फुलंब्रीचं. आत्यांचं बोलणं भाजीतल्या मिठासारखं, मोजकं. चोपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मामांनाही आठवत नाही. त्या एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मला त्या पुलावर न्या.”

मामांनी त्या दिवशी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिथं सावली नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी, सगळं बदलून टाकलं असंल, जीव दुखंल माझा. आत्या रोज एकदा, तेवढंच वाक्य म्हणायच्या आणि भाकरी उलटायच्या.

मला खरं तर आत्यांचंही नवल वाटत होतं. त्याच महिन्यात आम्ही मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचा भरवसा नाही, वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा, थेंब टाकत राहायचे. मामा बाहेर चप्पल शोधत होते तेव्हा डॉक्टरांनी हे आम्हा दोघींना सांगितलं. मी रडकुंडीला आले. आत्यांनी फक्त एक विचारलं, “लांबचं दिसतं ना अजून?” डॉक्टर म्हणाले, उजव्यानं दिसतं. आत्यांनी मान हलवली आणि उठल्या. अशा वेळी बाईला पूल फिरायची हौस कशी सुचते, हे मला कळेना.

शेवटी रविवारी जायचं ठरलं. शनिवारी दुपारी आत्या भजनाला गेल्या होत्या. मी मेथी निवडत होते. मामा स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले. ते स्वयंपाकघरात कधी येत नाहीत. मेथीची एक काडी उचलून हातात फिरवत राहिले.

“मंजू, मी तो पूल पाह्यलेला नाय.”

मला वाटलं, नवा केल्यावर पाहिला नाही म्हणताहेत. मी म्हटलं, उद्या पाहू की.

“कधीच नाय,” मामा म्हणाले. “चौदा वर्षं त्याच्यावरून गेलो. एकदा बी पाह्यला नाय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझी मेथी तशीच राहिली. तो पूल खोलगटात आहे. मनमाडकडून या नाहीतर जालन्याकडून, पुलाकडे उतार आणि पूल संपला की चढ. चढाला वाफ हवी, म्हणजे भट्टी पुलावर असतानाच भरायला हवी. मामा आधी दुसरे फायरमन होते, तेव्हा कोळसा फोडायचं काम, तोंड मागं कोळशाच्या ढिगाकडं. मग पहिले फायरमन झाले, तेव्हा तोंड भट्टीकडं. त्यांचे ड्रायव्हर मोठे कडक. पूल आला की एकच वाक्य, “पुल पे सर नीचे, बेलचा ऊपर.” बेलचा म्हणजे कोळशाचं फावडं. पूल म्हणजे अकरा बेलचे कोळसा. बारावा बेलचा पडायच्या आत पूल गेलेला असायचा. पुढं ड्रायव्हर व्हायची वेळ आली तेव्हा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि शेडमध्ये सामानाच्या खोलीत बसले ते रिटायर होईपर्यंत.

“मग सिंह?” मी विचारलं.

मामांनी काडीचे तुकडे केले. सिंह दिवाळसणाला जन्मले होते. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई फुलंब्रीला सासरी गेलेला. आत्यांचे चार भाऊ, घरची जमीन, मोठं खटलं. नोकरी पर्मनंट म्हणून बहीण दिलेली, पण जावई कोळसेवाला ही सल होतीच. अंघोळीच्या वेळी थोरल्या मेव्हण्यानं, धोंडिबांनी, उटण्याची वाटी हातात घेतली आणि भर अंगणात म्हणाले, जावईबापूचा खरा रंग कोणता ते आज बघूच. अंगणभर हशा झाला. दारात द्वारका टॉवेल घेऊन उभी होती, तिची मान खाली गेली. मामांना ते सहन झालं नाही. ते पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, तुम्ही जन्मात पाहिला नसेल अशा पुलावरून मी रोज गाडी नेतो. कसा पूल, असं धोंडिबांनी विचारलं. मग कमानी आल्या, बुरूज आले, शेवटी सिंह आले. धोंडिबांचा हात वाटीतच राहिला. आणि दारातली मान वर झाली.

“ते तोंड पाह्यलं अन् मग मला मागं फिरता आलं नाय,” मामा म्हणाले. “त्या पुलाच्या जोरावर ती भावांपुढं मान वर करून बोलली आयुष्यभर. दुसरं काय दिलं मी तिला? ना वाडी ना दागिना. तेवढा एक पूल दिला.”

तुम्ही एकट्यानं जाऊन पाहून यायचं होतं, मी म्हटलं. ते म्हणाले, सांगून बसल्यावर पाहायची भीती वाटायला लागली. मग हळूच म्हणाले, “आता डोळ्यांचं हे असं. मला दिसंना झाल्यावर तिला कळलं तर कळू दे. पण माझ्या डोळ्यांदेखत कळू नये. तिचं तोंड पुन्हा खाली गेलेलं मला बघवायचं नाय.”

मला आधी हसू आलं, मग राग आला, कारण मला माझं दुसरं बक्षीस आठवलं. तशीच उठून हॉलमध्ये गेले आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ते चित्र नीट पाहिलं. कमानी भडकल दरवाजाच्या होत्या. बुरूज दौलताबादचे. आणि ते सिंह, तोंड उघडलेले, गुलमंडीत आम्ही ज्या सराफाकडे जातो त्याच्या तिजोरीवरचे. रोजच्या येण्याजाण्यातल्या गोष्टी, आणि चित्रकलेच्या बाईला ओळखता आल्या नाहीत. कोणाला सांगायची सोय नव्हती.

मामा मागोमाग हॉलच्या दारात आले होते, त्यांचे डोळे मात्र मला पाहवेनात. ते माझ्याकडे असे बघत होते की जणू परीक्षेला बसलेत आणि पेपर माझ्या हातात आहे. मी त्यांना वाचवायचं ठरवलं. संध्याकाळी आत्यांना म्हटलं, उद्या गाडी सर्व्हिसिंगला टाकायचीय.

“मग एसटीनं जाऊ,” आत्या म्हणाल्या. “आपल्याला सवय हाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात आणखी एक गाठ सुटली. खिशात रेल्वेचा पास असून हे लोक जालन्याला कायम एसटीनं जायचे. लग्न असो, मयत असो. पासवर प्रवास फक्त मनमाड-नाशिककडे. रेल्वेच्या माणसानं पब्लिकची जागा अडवू नये, असं मामांचं तत्त्व होतं आणि मी ते शाळेत पोरांना उदाहरण म्हणून सांगितलं होतं. तत्त्व कसलं, तो पूल आत्यांच्या खिडकीतून दिसू नये एवढीच धडपड, आणि रूळ दुसरीकडून गेल्यावरही ती सवय सुटली नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सुदर्शनला खरोखरच शिफ्ट होती, गाडी मी चालवत होते. मामा पुढं, धुतलेली टोपी घालून, काठी दोन्ही गुडघ्यांत. मागं आत्या, भाकरी-ठेच्याची पिशवी मांडीवर. चिकलठाणा गेलं, करमाड गेलं. मी आरशातून आत्यांकडे पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, लहान मुलगी जत्रेला निघाल्यासारख्या.

गाडी लावून पुढं पंधरा मिनिटं चालायचं होतं. वाट म्हणजे जुन्या रुळांचीच जागा, खडी दाबून सपाट केलेली, दोन्हीकडं बाभळी. वाट हळूहळू उजवीकडे वळत जाते. वळण संपेपर्यंत काही दिसत नाही, नुसतं आभाळ जरा मोठं झाल्यासारखं वाटतं. आणि मग बाभळी एकदम संपतात.

मी थांबले. मला थांबावंच लागलं.

समोर जमीनच नव्हती. दरी होती, आणि दरीच्या तळातून आठ काळे दगडी खांब सरळ वर आले होते. खाली रुंद, वर येताना निमुळते, पाण्याच्या बाजूला टोकदार, पुराचं पाणी फोडायला. त्यांच्यावरून या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडाची एकच सरळ रेघ. कमान नाही, बुरूज नाही, नक्षी नाही, एक फूलसुद्धा कोरलेलं नाही. खाली पाण्यात म्हशी बसल्या होत्या त्या वरून उडदाच्या दाण्यांएवढ्या दिसत होत्या. इतकं साधं काहीतरी इतकं मोठं असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. एवढे दगड कोणी घडवले, कोणी दोरानं वर चढवले, कोणाच्या पायाखालची फळी निसटली असेल, आणि कोणाचंही नाव कुठं नाही. मला बक्षीस मिळालेल्या चित्राची मनापासून लाज वाटली. मी त्या पुलावर दागिने चढवले होते. त्याला कशाचीच गरज नव्हती.

सवयीनं मी मोजायला लागले. आठ खांब, म्हणजे नऊ गाळे. नऊ. चित्रात नऊ कमानी होत्या. मी मामांजवळ सरकले आणि हळूच विचारलं, नऊ कसे बरोबर आले?

“आवाजानं,” ते ओठ न हलवता म्हणाले. “खांब आला की आवाज भरीव, मधी पोकळ. नऊ डाव पोकळ वाजायचा.”

मामा पुलाकडे पाहत होते पण पाहत नव्हते. घाबरलेला माणूस बघतो तसं, एकदा पुलाकडे, एकदा आत्यांकडे. आत्या कपाळावर हात धरून सावकाश बघत होत्या. मामांचा धीर सुटला.

“सिंह नेले वाटतं लोकांनी,” ते म्हणाले.

“व्हय?” आत्या म्हणाल्या. “अन् बुरूज?”

“ते पडले असतील. लई जुने होते.”

“असतील,” आत्या म्हणाल्या आणि पुलाकडे चालू लागल्या.

मला हसूही येईना आणि रडूही. बिचाऱ्यानं दोन वाक्यांत सगळी पडझड करून टाकली होती, फक्त कमानींचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

पुलावर पाऊल टाकलं आणि पायाखालचा आवाज बदलला. फळ्या जाड आहेत, दोन्ही बाजूंना जुने रूळ तसेच ठेवलेत, कठड्याशी लोखंडाचे गर्डर. गर्डरवर रिव्हेटच्या गोल टोप्या, ओळीनं, हजारो. मी एकीवर हात ठेवला. ती तापवून लाल केलेली असताना कोणीतरी हातोड्यानं बसवली होती, शंभरावर वर्षांपूर्वी, आणि ती अजून हललेली नव्हती. गर्डरखाली पाकोळ्यांची घरटी होती, आमच्या पावलांनी त्या थव्यानं बाहेर पडल्या आणि पुलाखालून, आमच्या पायांखालून, उडत गेल्या. पक्षी आपल्या पायांखालून उडताना पाहणं काही वेगळंच असतं. आजूबाजूला रविवारचे लोक होते, फोटो काढत होते, तरी मध्यावर येईपर्यंत सगळ्यांचे आवाज आपोआप हळू झाले होते.

मामा मान खाली घालून चालत होते. फळ्यांकडे बघत, ओठ हलवत. जवळ गेले तर ऐकू आलं, ते गाळे मोजत होते. पाच. सहा. सातला थांबले. तिथं पुलाच्या बाजूला एक छोटा लोखंडी सज्जा आहे, पूर्वी गाडी आली की लाइनवरच्या माणसांनी अंग चोरून उभं राहायची जागा. आता तिथं बाकडं टाकलंय. मामा बाकड्यावर बसले, टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“द्वारका,” ते म्हणाले, “सिंह कधीच नव्हते. मी ह्यो पूल आज पाहतोय. पहिल्यांदा.”

मी दुसरीकडे बघायला लागले. अशा वेळी सुनेनं कुठं बघावं हे कोणी शिकवत नाही.

“ठाऊक हाय मला,” आत्या म्हणाल्या.

मामांनी मान वळवली. आत्या त्यांच्या शेजारी बसल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि पदर सारखा केला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं होतं, आणि तरी ते पाच मिनिटांत संपलं.

त्या दिवाळीनंतर दोन महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमाराला, त्या मामांना माहेरी जाते म्हणून सांगून निघाल्या आणि शेजारच्या केसरबाईंबरोबर स्टेशनावर गेल्या. केसरबाईंचा नवराही रेल्वेत होता, त्यांना जालन्याला जायचं होतं. आत्यांना कुठंच जायचं नव्हतं. त्यांना तो पूल पाहायचा होता, सिंह पाहायचे होते, आणि आपला नवरा त्या सिंहांच्या मधून गाडी नेतो ते पाहायचं होतं. तिकीट काढून त्या मामांच्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात बसल्या. करमाड गेलं. केसरबाई म्हणाल्या, वळणावर उजवीकडे बघ, पूल दिसेल. वळण आलं. डबे अजून वळणावर होते आणि इंजिन पुलावर गेलेलं, खिडकीतून ते आडवं, पूर्ण दिसत होतं. सिंह नव्हते. बुरूज नव्हते. हेच खांब होते, हेच लोखंड.

“मला आधी वाटलं, दुसराच पूल असंल,” आत्या म्हणाल्या. “मग तुम्ही दिसलात. मव्हं पिवळं लुगडं फाटलं होतं, त्याचं फडकं तुमी डोक्याला बांधायचे. ते दिसलं. भट्टीचं दार उघडं, तुमी लाल झालेले. वाकून बेलचा भरायचा, टाकायचा. भरायचा, टाकायचा. एवढा मोठा पूल खालून चालला अन् तुमी मान वर केली नाय. मी म्हणलं, आता करतील. आता करतील. एकदा बी केली नाय.”

मामांनी मांडीवरची टोपी उलटी केली.

“तवाच कळलं, ह्या माणसानं पूल पाह्यलाच नाय. पाह्यला असता तर सिंह कशाला लावले असते? असाच सांगितला असता.”

“अन् तू भावांना सांगत राह्यलीस,” मामा म्हणाले. “धोंडिबाला. समद्या पावण्यांना. चोपन्न वर्षं.”

“व्हय. मी काय पुलाचा मोठेपणा सांगत होते का? माझ्या डोळ्यापुढं ते पिवळं फडकं असायचं.” आत्या जरा थांबल्या. “तुमच्याजवळ बोलले असते तर तुमी परत कधी पुलाचं नाव काढलं नसतं. अन् पुलाचं बोलताना तुमचं तोंड लई भारी दिसायचं.”

मामांनी चेहरा दोन्ही हातांत धरला. मी एवढी वर्षं त्यांच्याबरोबर राहतेय, त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांना केवढी भीती होती की आत्यांचं तोंड खाली जाईल, आणि त्या संक्रांतीपासून ते तोंड पुलामुळं वर नव्हतंच. मला तो दवाखाना आठवला. लांबचं दिसतं ना अजून? आत्यांना पूल पाहायचाच नव्हता. त्यांनी तो कधीच पाहिला होता. त्यांना पूल दाखवायचा होता, उजवा डोळा आहे तोवर.

“उठा,” आत्या म्हणाल्या. त्यांनी मामांच्या हातात काठी दिली, टोपी डोक्यावर ठेवली, ती वाकडी झाली होती ती सरळ केली. “आता पुढं चढ नाय. मान वर करा अन् बघा.”

मामा उठले. कठड्याला एक हात लावला आणि मान वर केली. एका डोळ्याची माणसं बघतात तसं त्यांनी सबंध तोंड फिरवलं, एका काठापासून सुरुवात केली. आलो ती बाजू, वळण, पहिला खांब, दुसरा, खाली पाणी, म्हशी, पाकोळ्या, पुढचे दोन गाळे, पलीकडचा काठ, त्याच्यावर आभाळ. कुठंच घाई केली नाही. त्यांच्या मागून येणारे लोक आपोआप कडेनं जाऊ लागले. आत्या पुलाकडे बघतच नव्हत्या, त्या मामांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“मी सांगितला त्याच्याहून लई मोठा हाय गं,” मामा म्हणाले.

“व्हय,” आत्या म्हणाल्या. “सिंह सोडले तर.”

मामा हसले, डोळे पुसले आणि पलीकडच्या काठाकडे चालू लागले, आत्या त्यांच्या डाव्या बाजूनं, जिकडचं त्यांना दिसत नाही. उरलेले दोन गाळे त्यांना चालायचे होते. मी मागंच थांबले. पर्समध्ये माझी वही असते, पोरांच्या हजेरीची, तिच्या मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिल टेकवली. पूल राहू दिला. आधी ती दोन माणसं काढली.